अफूला मापात आणणारा माणूस

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बिद्रीला घरी गेलो होतो. आंघोळ करून देवाला फूल वाहायला गेलो तर देव्हाऱ्यात, गणपतीच्या तसबिरीमागं, औषधाचं एक पाकीट दिसलं. आत गोळ्यांच्या तीन पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. पट्टीवर छापलं होतं, मॉर्फिन, १० मिलिग्रॅम. आणि शेजारच्या खोलीत माझे आबा भिंतीकडं तोंड करून कण्हत होते.

आबांना जबड्याचा कॅन्सर झाला होता. आमच्या भागात तंबाखूला तोटा नाही, निपाणी जवळच. आयुष्यभर आबांच्या गालात तंबाखूची चिमूट असायची. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आजार आता मागं हटणार नाही, पण दुखणं नक्की हटवता येईल. म्हणून या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी एक, झोपताना दोन, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध.

त्या गोळ्या आमच्या आत्तीनं लपवल्या होत्या. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ही अफू आहे. आत्तीची भीती तीन पदरी होती. एक, आबांना व्यसन लागेल. आयुष्यभर माळकरी राहिलेला माणूस शेवटी अफूबाज म्हणून जायचा! दोन, गोळी दिली की माणूस झोपेतच जातो. आणि तीन, आत्ताच एवढं जालीम औषध दिलं तर पुढं दुखणं वाढल्यावर काय द्यायचं?

घरात सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. इंजिनिअरिंगला शिकणारा घरातला एकटा मीच. मी काय बोललो? काहीच नाही. मला माहीतच नव्हतं. सुट्टी संपली, मी होस्टेलवर परत आलो आणि पाकीट तसबिरीमागंच राहिलं.

परत आल्यावर मात्र चैन पडेना. त्या गोळीत नेमकं आहे तरी काय, हे शोधायला लायब्ररीत बसलो. सबमिशन बाजूला राहिलं आणि मला एक माणूस भेटला. औषधशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांत त्याचं नाव असतं, पण आपल्यापैकी किती जणांनी ते ऐकलंय? फ्रिडरिक विल्हेल्म सर्ट्युर्नर. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

सर्ट्युर्नरचा जन्म १९ जून १७८३ रोजी जर्मनीत पाडरबॉर्नजवळच्या नॉयहाउस या गावी झाला. मित्रांनो, त्याचे वडील इंजिनिअर होते! तिथल्या संस्थानिक बिशपच्या नोकरीत जमिनीची मोजणी आणि बांधकामं बघायचे. म्हणजे मोजमाप हे घरातच होतं. पण मुलगा १५ वर्षांचा असताना वडील वारले. पुढच्या शिक्षणाचा प्रश्नच मिटला. १७९९ साली तो पाडरबॉर्नमधल्या औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. आजच्यासारखं दुकान नव्हे ते. तिथं मुळ्या कुटायच्या, अर्क काढायचे, मलमं घोटायची. चार वर्षं राबून १८०३ साली तो मदतनिसाची परीक्षा पास झाला. कॉलेजची पायरी या माणसानं विद्यार्थी म्हणून कधी चढलीच नाही.

त्या काळात दुखण्यावर खरं औषध एकच होतं, अफू. खसखशीचं बोंड हिरवं असताना त्याला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तो वाळून तपकिरी होतो, खरवडून गोळा करतात, तीच अफू. (आपण पांढऱ्या रश्श्यात वाटून घालतो आणि अनारशाला लावतो ती खसखस त्याच बोंडातली, पण बियांमध्ये नशेचं द्रव्य जवळजवळ नसतं. निर्धास्त खा!) हजारो वर्षं माणूस अफू वापरत आला. आपल्याकडं कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून झोपवायच्या, आणि त्यातली काही पोरं पुन्हा उठायची नाहीत.

असं का व्हायचं? हे मला आमच्या गावाकडच्या गुऱ्हाळावरून कळलं. एका आदणाचा गूळ पिवळाधमक निघतो, दुसऱ्याचा काळपट. ऊस कुठल्या रानातला, खत काय, गुळव्या कसा, यावर सगळं अवलंबून. गुळाची ढेप बघून त्यात नेमकी साखर किती आहे हे कुणी सांगू शकत नाही. अफूचं तसंच होतं. एका पेटीतल्या अफूत औषधी द्रव्य दुसऱ्या पेटीच्या दुप्पट असायचं, वर व्यापारी भेसळ करायचे. त्यामुळं तेवढीच अफू एका रोग्याला काहीच करायची नाही आणि दुसऱ्याचा जीव घ्यायची. डॉक्टर औषध देत नव्हते, अंदाज देत होते.

इथं एक योगायोग सांगायलाच हवा. ज्या १७८३ च्या जूनमध्ये सर्ट्युर्नर जन्मला, त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्याकडं जमशेटजी जीजीभॉय जन्मले. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ज्यांच्या नावानं आहे तेच. शिंदे-होळकरांच्या मुलखातल्या, म्हणजे माळव्यातल्या अफूच्या पेट्या मुंबई बंदरातून चीनला जायच्या, आणि कापसाबरोबर त्या अफूच्या व्यापारातही जमशेटजींनी अमाप पैसा मिळवला. त्यातलाच पैसा पुढं हॉस्पिटलला लागला, १८४५ साली ते सुरू झालं. एकाच वयाची दोन माणसं. एकानं अफू पेट्यांनी मोजली, दुसऱ्यानं गुंजांनी. चीनमध्ये त्या पेट्यांनी लाखो लोक व्यसनी झाले, आणि गुंजेनं मोजलेल्या अफूनं लाखोंचं दुखणं थांबलं. वस्तू तीच!

सर्ट्युर्नरनं ठरवलं की अफूत झोप आणणारं जे काही आहे ते वेगळं काढायचं. वय जेमतेम विशी-एकविशी, म्हणजे आपल्या तिसऱ्या वर्षाच्या पोराएवढा. दिवसभर दुकानाचं काम आणि उरलेल्या वेळात प्रयोग. त्यानं अफू गरम पाण्यात विरघळवली आणि त्या द्रावणात अमोनिया घातला. तळाशी करड्या रंगाचे खडे बसले. ते धुतले, आम्लात विरघळवले, पुन्हा खाली बसवले, अल्कोहोलमधून पुन्हा दाणा काढला. हे वाचताना मला आमचे अण्णा दिसत होते. अण्णा बिद्रीच्या साखर कारखान्यात पॅनवर आहेत. उसाच्या रसाला चुना द्यायचा, गाळ खाली बसवायचा, रस आटवायचा आणि पॅनमध्ये दाणा धरायचा, मळी वेगळी करायची. लहानपणी अण्णांनी भिंगाखाली साखरेचा दाणा दाखवला होता. सगळे दाणे एकाच घडणीचे. म्हणूनच साखरेचा एक किलो हा सगळीकडं एक किलोच असतो. गुळाची साखर करावी तसं सर्ट्युर्नरनं अफूचं केलं.

हाती आलेलं द्रव्य त्यानं आधी कुत्र्यांना देऊन बघितलं. कुत्री सुस्त झाली, ओकली, झोपली. द्रव्य काढून घेतलेली उरलेली अफू दिली तर तसं काही होईना. म्हणजे सापडलं! १८०५ आणि १८०६ साली त्यानं हे काम औषधविद्येच्या एका जर्मन नियतकालिकात छापलं. आणि पुढं काय झालं? काहीच नाही. एका दुकानातल्या पोरानं लिहिलेल्या पत्राकडं कोण लक्ष देणार?

दुसरंही एक कारण होतं. वनस्पतींतून निघणारी गुणकारी द्रव्यं आम्लधर्मी असतात असा तेव्हा समज होता. चिंचेतलं आम्ल, लिंबातलं आम्ल, असं. सर्ट्युर्नरचं द्रव्य मात्र आम्लारी होतं. आम्लाशी मिळून ते क्षार तयार करायचं. हे कुणाच्या चौकटीत बसेना. त्याच्या थोडं आधी, १८०३ साली, पॅरिसच्या देरोन यानंही अफूतून खडे काढले होते, पण आपल्या हातात नेमकं काय आलंय हे त्याला उमगलं नव्हतं.

१८०६ साली सर्ट्युर्नर आइनबेक या गावी मदतनीस म्हणून गेला. नेपोलियनच्या लढायांचे दिवस होते. फ्रेंचांच्या अमलात नवा कायदा आला आणि १८०९ साली त्याला स्वतःचं दुकान काढायचा परवाना मिळाला. या काळात तो बंदुका आणि गोळ्या सुधारण्याच्या खटपटीतही होता. वडिलांचं रक्त शेवटी! पण नेपोलियन हरला, फ्रेंच गेले, जुनं राज्य परत आलं आणि फ्रेंचांनी दिलेला परवाना वादात सापडला. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी दुकान हातचं गेलं.

याच पडत्या काळात त्यानं अफूचं काम पुन्हा हातात घेतलं. या वेळी कुत्र्यावर थांबला नाही. स्वतः आणि सतरा वर्षांच्या आतली तीन मुलं, अशा चौघांनी ते द्रव्य घेतलं. आधी अर्धा ग्रेन, म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम. चेहरे लाल झाले, अंगात तरतरी आली. अर्ध्या तासानं आणखी अर्धा ग्रेन. मळमळ, डोकं जड. पाऊण तास होतोय तोवर तिसरा अर्धा ग्रेन. आता पोटात कळा, ग्लानी, चक्कर. सर्ट्युर्नर स्वतः गुंगीत गेला. प्रकरण हाताबाहेर चाललंय हे ओळखून त्यानं व्हिनेगर प्यायलं, मुलांनाही पाजलं आणि सगळ्यांना ओकायला लावलं. म्हणून चौघे वाचले. पुढं काही दिवस डोकेदुखी, अन्नावर वासना नाही आणि पोट गच्च.

हिशोब करून बघा. तीन वेळचे मिळून सुमारे ९० मिलिग्रॅम झाले. पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाला आज डॉक्टर तोंडानं ५ ते १० मिलिग्रॅम देतात! आजच्या नियमांनी असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि कोवळ्या मुलांवर तर नाहीच. मला ही गोष्ट वाचताना रागही आला. पण याच प्रयोगातून एका शुद्ध द्रव्याची मात्रा आणि माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम यांची पहिल्यांदा जोडी लागली. एक्स अक्षावर मात्रा, वाय अक्षावर परिणाम. औषधशास्त्रातला हा आलेख तिथून सुरू झाला म्हटलं तरी चालेल.

१८१७ साली त्यानं हे सगळं भौतिकशास्त्राच्या एका जर्मन नियतकालिकात छापलं आणि द्रव्याचं नाव ठेवलं मॉर्फियम. ग्रीकांचा स्वप्नांचा देव मॉर्फियस, त्याच्यावरून. या वेळी लेख योग्य माणसाच्या नजरेस पडला. वायूंच्या नियमामुळं आपली ज्याच्याशी अकरावी-बारावीत गाठ पडते तो गे-लुसाक. त्यानं लेखाचं महत्त्व ओळखलं, फ्रेंच भाषांतर छापवलं, आणि नाव रूढ झालं मॉर्फिन. मग रांगच लागली. पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच जोडीनं १८१८ साली कुचल्याच्या जातीच्या बियांतून स्ट्रिक्निन काढलं, १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढलं. हिवतापावरचं तेच क्विनाइन. या आम्लारीधर्मी द्रव्यांना अल्कलॉइड असं कुळाचं नावही १८१९ साली मिळालं. कुळाचा मूळपुरुष मॉर्फिन.

१८१७ सालीच येना विद्यापीठानं या कॉलेज न बघितलेल्या माणसाला डॉक्टरेट दिली. १८२० च्या सुमारास तो हामेल्नला गेला आणि तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीतलं औषधाचं दुकान चालवू लागला. हेच ते पुंगीवाल्याच्या गोष्टीतलं गाव, उंदीर नेऊन बुडवणाऱ्या! १८२१ साली लग्न झालं, मुलंबाळं झाली. १८३१ साली फ्रान्सच्या विद्वत्संस्थेनं त्याला २००० फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी युरोपात कॉलऱ्याची साथ होती. कॉलरा हा स्वतःची वाढ करणाऱ्या सजीव विषामुळं होतो असं त्यानं लिहिलं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८४ साली दाखवला, म्हणजे या माणसाचा अंदाज पन्नास वर्षं आधीचा. पण याही वेळी कुणी ऐकलं नाही. मायदेशातल्या शास्त्रज्ञांशी त्याचं शेवटपर्यंत नीट जमलं नाही. तो एककल्ली होत गेला. उतारवयात सांधेदुखीनं, संधिवातानं, फार हैराण झाला आणि २० फेब्रुवारी १८४१ रोजी हामेल्नमध्ये वारला. त्याला आइनबेकला नेऊन पुरलं.

त्यानं काढलेला दाणा मात्र जगभर पोचला होता. १८२७ पासून जर्मनीतल्या मर्क कंपनीनं मॉर्फिन विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. १८५० च्या दशकात इंजेक्शनची पोकळ सुई आली आणि मॉर्फिन थेट शरीरात जाऊ लागलं. लढायांत जखमी झालेल्या सैनिकांना त्यानं आराम दिला, आणि त्यातल्या अनेकांना सवयही लावली. त्यावर उतारा म्हणून, खोकल्याचं औषध म्हणून, १८९८ साली बायर कंपनीनं मॉर्फिनवर प्रक्रिया केलेलं नवं औषध बाजारात आणलं. त्याचं नाव हेरॉइन! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

सर्ट्युर्नरला एक गोष्ट कधीच कळली नाही, की हा दाणा शरीरात जाऊन नेमकं काय करतो. ते कळायला १९७३ साल उजाडलं. आपल्या मज्जापेशींवर मॉर्फिन बसण्यासाठी घडवलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन तिथं बसलं की पेशीत कॅल्शियम शिरणं कमी होतं, त्यामुळं दुखण्याचा निरोप पुढं कमी जातो. पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामुळं ती निरोप घ्यायलाही नाखूश होते. म्हणजे जखम तिथंच असते, पण पाठीच्या कण्यातून मेंदूकडं जाणारा सिग्नल क्षीण होतो. शिवाय मेंदूला पोचलेलं दुखणंही बोचेनासं होतं. पण खसखशीच्या चिकासाठी आपल्या शरीरानं जागा का राखून ठेवावी? याचं उत्तर १९७५ साली मिळालं. तशाच कामाची द्रव्यं आपलं शरीर स्वतःच बनवतं! मॉर्फिन फक्त त्यांच्या जागेवर जाऊन बसतं.

या जागा सगळीकडं असतात, म्हणून परिणामही सगळीकडं. आतड्यात असतात, म्हणून आतड्याची हालचाल मंदावते आणि पोट साफ होत नाही. ओकारी आणणाऱ्या केंद्रावर परिणाम होतो, म्हणून पहिले काही दिवस मळमळ. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे मेंदूच्या बुडाशी श्वास चालवणारं केंद्र आहे, तेही सुस्तावतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी त्याला जाग येत नाही. मात्रा फार झाली की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. अफूनं झोपलेली ती तान्ही पोरं याच कारणानं गेली.

हे सगळं एका वहीत लिहून घेतलं आणि शनिवारी बिद्रीची एस. टी. पकडली. पाकीट सापडल्याला तोवर अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस! आत्तीला समोर बसवलं. अण्णाही पाळी संपवून आले होते. टाकीचं उदाहरण दिलं. गच्चीवरच्या टाकीला वरून पाणी येतं आणि खालून सतत गळतं. पोटात गेलेल्या मॉर्फिनचा मोठा भाग यकृतच अडवतं, साधारण तिसरा हिस्सा रक्तात पोचतो. रक्तात असलेलं दोन-तीन तासांत निम्मं होतं आणि उरलेलं मूत्रपिंडावाटे निघून जातं. म्हणून दर चार तासांनी गोळी. पातळी एका खुणेच्या खाली गेली तर दुखणं उसळतं, दुसऱ्या खुणेच्या वर गेली तर गुंगी येते. दोन खुणांच्या मध्ये पाणी ठेवायचं, एवढंच काम. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, घड्याळ लावून द्यायची.

मग आत्तीच्या तीन भीती एकेक करून घेतल्या. शरीराला सवय होते हे खरं. गोळी एकदम तोडली तर घाम, जुलाब, नाक गळणं, बेचैनी असं होतं, म्हणून बंद करायची झाली तर हळूहळू. पण शरीराची सवय वेगळी आणि जीव टाकून नशेमागं धावणं वेगळं. कॅन्सरच्या दुखण्याला डॉक्टरांच्या मापानं घेणाऱ्यांत तसं वेड क्वचितच लागतं. दुसरी भीती जीव जाण्याची. थोड्यापासून सुरू करून दुखण्याच्या मानानं वाढवलं तर श्वासाचा धोका फार कमी. आधी गुंगी वाढते, माणूस हाकेला ओ देत नाहीसा होतो, श्वास त्यानंतर मंदावतो. म्हणून गुंगीवर लक्ष ठेवायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा. आणि तिसरी, पुढं काय द्यायचं? तर हेच, डॉक्टर सांगतील तसं वाढवून. मॉर्फिनला ठरलेलं छत नाही. आत्ता जपून ठेवून पुढं जास्त उपयोगी पडेल असं नसतं. आज सोसलेलं दुखणं वाया जातं, बस्स.

आत्ती बराच वेळ गप्प होती. मग अण्णांनी एकच विचारलं, प्रत्येक गोळीत दहा म्हणजे दहाच असतंय का? मी म्हटलं, होय अण्णा, दाणा आहे, गूळ नव्हे. अण्णा उठले आणि तसबिरीमागचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी मात्रा पुन्हा समजावून सांगितली आणि आबांना पहिली गोळी दिली.

चमत्कार झाला नाही. पहिले दोन दिवस आबांना मळमळलं, झोप झोप केली. पोट साफ व्हायचं औषध आत्तीनं एकदा चुकवलं तर दोन दिवस त्रास झाला. (आतड्यावरचा परिणाम सवयीनं जात नाही, म्हणून ते औषध शेवटपर्यंत लागतंच.) पण चौथ्या दिवशी आबा सरळ होऊन बसले. वाटीभर पेज प्याले. अण्णांना विचारलं, गाळप सुरू झालं का, उतारा किती पडतोय? कितीतरी दिवसांनी आबांनी स्वतःच्या दुखण्याशिवाय दुसरं काही विचारलं होतं. त्यानंतर आबा सात आठवडे होते. मात्रा दोनदा वाढवावी लागली. गेले तेव्हा घरचे सगळे जवळ होते, आणि कण्हणं नव्हतं.

मित्रांनो, या लेखाचा कुणी उलटा अर्थ काढू नये. याच कुळातल्या गोळ्या अमेरिकेत १९९० च्या दशकापासून साध्यासुध्या दुखण्यालाही वाटल्या गेल्या आणि त्यातून लाखो माणसं मेली. होस्टेलवर झोप येत नाही म्हणून कोडिनचं कफ सिरप पिणारे महाभाग आपल्यालाही माहीत आहेत. कोडिन हे अफूतलंच, १८३२ साली वेगळं काढलेलं. यकृत त्याचंच थोडं मॉर्फिन बनवतं आणि काहींच्या यकृतात ते भलतंच जास्त बनतं. वर दारू घेतली की श्वासाचं केंद्र दुहेरी सुस्तावतं. कुणी निळा पडलेला, घोरत बेशुद्ध आणि टाचणीएवढ्या बाहुल्यांचा दिसला तर झोपलाय म्हणून सोडू नका, दवाखान्यात न्या. नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन मॉर्फिनला त्या जागेवरून उठवतं आणि माणूस वाचतो. दुसऱ्याच्या नावची गोळी आपण कधीच घ्यायची नाही.

आणि दुसरी बाजूही विसरू नका. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या कडक कायद्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याच देशातल्या कॅन्सरच्या रोग्यांना मॉर्फिन मिळणं मुश्कील होतं. २०१४ साली कायदा सुधारला, रुग्णालयांसाठी परवान्याची वाट सोपी झाली. पण आमच्या घरी गोळ्या कायद्यानं अडवल्या नव्हत्या. त्या देव्हाऱ्यात होत्या, दहा पावलांवर. आत्तीचा दोष नाही. ती घाबरली होती. मी शिकलेला असून गप्प बसलो होतो.

आपण जर्नल लिहिताना सिनिअरच्या वहीतून रीडिंग ढापतो. सर युनिट लिहिलं नाही म्हणून मार्क कापतात तेव्हा त्यांना नावं ठेवतो. मीही ठेवायचो. परवा प्रॅक्टिकलला तराजूवर वजन घेताना आकड्यापुढं मिलिग्रॅम लिहिलं आणि हात थोडा थांबला. मग ते वजन पुन्हा एकदा नीट करून घेतलं.